गुरवाच्या घराचा कौल

गुरुदास गुरवाबद्दल लिही, असं मला कोणी सांगितलेलं नाही. उलट बायको म्हणाली, नका लिहू, गावात राहायचं आहे आपल्याला. पण गावात आता जो तो ही गोष्ट आपल्याला हवी तशी सांगतो, आणि ज्यांना यातलं काडीचंही ठाऊक नाही ते सगळ्यांत मोठ्या आवाजात सांगतात. मी एकोणीसशे बावन्न सालापासून इथल्या शाळेत मास्तर आहे. गुरुदासाची पत्रं मी लिहिली, आलेली पत्रं मीच वाचून दाखवली, आणि ज्या दिवशी त्याने स्वतःच्या घरासाठी कौल घेतला त्या दिवशी मी त्याच्या शेजारी उभा होतो. तेव्हा माझं ऐका.

मिठबावच्या अलीकडे, समुद्र आणि खाडी यांच्या बेचक्यात आमचं गाव आहे. गाव मासेमारीवर जगतं आणि देवीला विचारून चालतं. गुरुदास त्या देवीचा गुरव. पूजा, दिवाबत्ती आणि कौल लावणं ही त्याची कामं. कौल म्हणजे असं, की देवीच्या काळ्या दगडी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर पिटकोळीच्या तांबड्या पाकळ्या पाण्यात बुडवून चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि हात जोडून थांबायचं. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. होडी विकू का, मुलगी त्या घरात देऊ का, भावाशी बोलायला लागू का, सगळं तिथेच ठरायचं. कोर्टकचेरीत जो शब्द चालत नाही तो तिथे चालायचा.

मी शिकलेला माणूस, मला हे सगळं हास्यास्पद वाटायचं. तरी छप्पन साली रत्नागिरीला बदली घ्यावी की नाही हे विचारायला मी गेलोच. डावी पाकळी पडली आणि मी राहिलो. बाहेर आल्यावर गुरुदास हसून म्हणाला, मास्तरांनू, तुमका जाऊचाच नव्हता. मला राग आला, कारण ते खरं होतं.

त्याची विद्या मला हळूहळू कळली. पाकळी देठाकडे जाड असते, टोकाकडे पातळ. जाड बाजूने भरपूर ओली करून दाबली की घटकाभर हलत नाही. पातळ बाजूने नुसती टेकवली की समईच्या उबेने सुकते आणि सुटते. हे त्याने मला कधी सांगितलं नाही, मी बारा वर्षं बघून शिकलो. तो लबाड होता असं मात्र कोणी म्हणू नये. एक पैसा त्याने त्यापायी घेतला नाही. समोर उभा असलेला माणूस आतून काय मागतोय ते त्याला चेहऱ्यावर दिसायचं, आणि त्याची बोटं आपोआप तसं वागायची. नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या एका बाईला त्याने देवीकडून माहेरी राहायची परवानगी काढून दिली होती. तिच्या नवऱ्याला भावकीने समजावलं असतं तर तो ऐकला नसता, देवीचं त्याला ऐकावं लागलं. त्या बाईने आजही विचारलं तर ती सांगेल की देवीनेच वाचवलं. मीही तिच्यासमोर वाद घालणार नाही.

त्याच्या घरात बायको पार्वती, मुलगा सत्यवान आणि मुलगी तुळसा. सत्यवान चोवीस वर्षांचा, रेडीला लोहखनिज बोटीत भरायच्या कामावर होता आणि त्याचं लग्न ठरलं होतं. तुळसा वीस वर्षांची. सातवी पास, माझीच विद्यार्थिनी, आणि माझ्या चुका वर्गात उभी राहून दाखवणारी. सकाळची फुलं तीच काढायची. जिभेला हाड नव्हतं म्हणा ना. कौल लावायला कोणी तोंड पाडून आलं की ती पायरीवर बसून हळूच म्हणायची, ह्येका होयच व्हया. आणि बहुतेक वेळा होयच यायचं. ती आता नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याने उगाच आशा धरू नये. मी धरली होती, आणि त्याचा फार त्रास झाला.

चौसष्ट सालच्या शिमग्यानंतर तिच्या हातापायांवर काळेनिळे डाग दिसायला लागले. कुठे आपटलीस म्हणून पार्वती विचारायची, ती कुठेच नाही म्हणायची. मग दात घासताना रक्त थांबेना. चेहरा पांढरा पडला, विहिरीवरून एक कळशी आणताना ती दोनदा बसायला लागली. मालवणला भाई डॉक्टर म्हणून सगळे ओळखायचे त्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी रक्त काचेवर घेऊन पाहिलं आणि तिला कोल्हापूरला धाडलं. तिथे छातीच्या हाडात सुई घालून आतला मगज काढला आणि तपासला. गुरुदास दाराबाहेर उभा होता. आतून तुळसाची एकच किंकाळी आली. ती बाहेर आली तेव्हा पदराने डोळे पुसत म्हणाली की झालं, संपलं, चला. पण गुरुदासाचं संपलं नव्हतं.

आजार असा होता, की हाडातला मगज रक्त तयार करतो आणि तिचा मगज ते काम सोडून बसला होता. असा आजार असतो हे आम्हाला तोवर ठाऊकच नव्हतं. रक्त अंगात असतं, ते कुठे तयार होतं याची चौकशी कोण करतो? भाई डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की दोन ठिकाणं आहेत, मिरज आणि मुंबई, दोन्हीकडे पत्र घाला आणि काय म्हणतात ते बघा. मग ठरवा, पण ठरवण्यात दिवस घालवू नका.

मी इंग्रजीत दोन पत्रं लिहिली. उत्तरं एकाच आठवड्यात आली. मिरजेच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं की घेऊन या, आम्ही रक्त देत राहू, गोळ्या देऊ, काही रोग्यांचा मगज आपोआप पुन्हा कामाला लागतो, काहींचा लागत नाही. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळातून आलेलं पत्र लांब होतं. रक्त आणि गोळ्या तेही देणार होते. पण पुढे लिहिलं होतं की सख्ख्या भावाच्या किंवा बहिणीच्या कमरेच्या हाडातून मगज काढून तो रोग्याच्या शिरेत सोडून पाहण्याचे प्रयत्न परदेशात चालू आहेत, जुळ्या भावंडांत ते साधलं आहे, एरवी फारसं नाही. आम्ही इथे करून पाहू, खात्री देत नाही. करायचंच असेल तर रोगी धड असताना लवकर आणा, आणि भावाला बरोबर आणा.

ते पत्र मी त्यांच्या पडवीत वाचलं. एकही शब्द गाळला नाही की मऊ केला नाही, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येतं. मग पार्वतीने विचारलं की सत्यवानाची कंबर फोडणार का. मी म्हटलं, फोडत नाहीत, भूल देऊन सुई घालतात. ती सुईच पुरे होती. गुरुदास माझ्याकडे न बघता म्हणाला, "सुयेचा माका सांगू नकात, मास्तरांनू. माझ्या चेडवाचो आवाज अजून कानात आसा. तिका एकच घातल्यानी. ह्येका किती घालतले?"

ते पत्रात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ही बातमी गावभर. मासळी विकणाऱ्या कृष्णाबाईने बाजारात जाहीर केलं की मगज काढलेला माणूस आतून पोकळ होतो आणि वर्षभरात वाळून जातो. तिला हे कोणी सांगितलं देव जाणे. सत्यवानाच्या होणाऱ्या सासरहून निरोप आला की मुलगा धडधाकट आहे म्हणून आम्ही होय म्हटलं होतं. सत्यवान रेडीहून रजा काढून आला आणि सरळ म्हणाला, मी तयार आहे, कधी निघायचं ते सांगा. त्याला वाटलं विषय संपला. बापाने त्याला गप्प केलं. मला आठवतं, सत्यवान चिडून म्हणाला होता, "माका इचारा तरी. मगज माझो आसा." गुरुदास म्हणाला की तूही माझाच आहेस.

पंधरा दिवस गेले. मुंबईची बोट मे महिन्याच्या शेवटी पावसाळ्यासाठी बंद होणार होती. मोटारीच्या हादऱ्यांनी तुळसाच्या अंगावर नवे डाग उठायचे, त्यामुळे मुंबईला जायचं तर बोटीनेच बरं होतं. म्हणजे दिवस मोजकेच उरले होते. भाई डॉक्टरांचा निरोपावर निरोप. शेवटी गुरुदासाने तेच केलं जे गावातल्या कुठल्याही माणसाने केलं असतं. तो म्हणाला, देवीला विचारू.

पण गुरवाने आपल्या घरचं गाऱ्हाणं आपण घालायचं नाही, स्वतःसाठी पाकळी लावायची नाही, अशी रीत आहे. दुसऱ्या देवळात, दुसऱ्या गुरवाकडे जायचं. खाडीपलीकडच्या गावात शिवा म्हणून तरुण गुरव होता. बाप लवकर वारल्यामुळे तो दोन वर्षं गुरुदासाच्या हाताखाली राहून सगळं शिकला होता. त्याच्याकडे जायचं ठरलं.

एप्रिलच्या अखेरीस सकाळच्या भरतीला आम्ही तरीने खाडी ओलांडली. गुरुदास, पार्वती, तुळसा आणि मी. सत्यवान आला नाही, त्याला राग होता. देवळात शिवा तयारच होता. गुरुदासाला बघताच तो पायाच पडला. देव आतल्या गाभाऱ्यात, दोन समया, आम्ही उंबऱ्याबाहेर. प्रश्न गुरुदासाने सांगितला: चेडवाला, म्हणजे मुलीला, मुंबईला नेऊ का? शिवाने गाऱ्हाणं घातलं, आम्ही "व्हय म्हाराजा" म्हटलं, मीही म्हटलं. मग त्याने पाकळ्या बुडवल्या. लावण्याआधी त्याने मान वळवून गुरुदासाकडे एकदा पाहिलं. क्षणभरच.

उजवी पाकळी त्याने अंगठ्याने दाबली. डावी टेकवली.

मला ते दिसलं. बारा वर्षं बघत होतो, दिसणारच. मी गुरुदासाकडे पाहिलं. त्याचे हात जोडलेले होते, डोळे उघडे होते. शंभर श्वाससुद्धा झाले नसतील, डावी पाकळी सुटून देवाच्या पायाशी आली. मुंबईला नाही. शिवा म्हणाला, देवाने स्पष्ट सांगितलं, उशीर लावला नाही. पार्वती हुंदका देऊन रडली. ते सुटकेचं रडणं होतं, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावरचं ओझं उतरलं. मी इतका शिकलेला, दुसऱ्याला शहाणपणा शिकवणारा, पण त्या वेळी माझ्या तोंडून अवाक्षर निघालं नाही. एकाला वाचवायला दुसऱ्याला सुईखाली घालायचं, हे कोणाला ठरवायचं नव्हतं. आता ठरवावं लागणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिला मिरजेला नेलं. तिथे काही कमी पडलं नाही. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ येऊन बसायचे, नर्सबाई तिची वेणी घालायच्या. गुरुदासाने रक्त दिलं, सत्यवानाने दोनदा दिलं, गावातून चार खलाशी जाऊन देऊन आले. रक्त चढलं की तुळसाच्या गालांवर रंग यायचा आणि मला पत्र यायचं, त्यात माझ्या मागच्या पत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका. महिन्या-दीड महिन्याने ती घरी आली तेव्हा चालत देवळात गेली. गाव म्हणालं, बघा, कौल खरा. गुरुदास यावर कधी काही बोलला नाही. मंडळींना वाटलं, नम्रपणा.

श्रावणात पुन्हा हिरड्यांतून रक्त यायला लागलं, आणि या वेळी नाकातूनही. भाई डॉक्टरांनी पाहिलं आणि मिरजेला कळवलं. मिरजेचं उत्तर माझ्या पत्त्यावर आलं. त्यांनी मोकळेपणाने लिहिलं होतं की मगज जागा होण्याचं लक्षण आम्हाला दिसत नाही, रक्त देऊन फार दिवस काढता येणार नाहीत, मुंबईच्या उपायाचा विचार करायचा असेल तर आता एक दिवसही थांबू नका. आम्ही तिकडच्या डॉक्टरांना चिठ्ठी देतो.

ते वाचायला मी दुपारी त्यांच्या घरी गेलो. तुळसा मागच्या पडवीत चटईवर टेकून बसली होती, पार्वती तांदूळ निवडत होती. मी वाचलं. पार्वती म्हणाली की देवाने तर नको सांगितलंय, आता कसं करायचं. तेव्हा गुरुदास खांबाला पाठ लावून होता तिथूनच बोलला.

"देवान नाय सांगल्यान. शिवान डावी पाकळी नुसती टेकवली. माका दिसला. मी गप रवलंय."

पार्वतीचा हात सुपातच राहिला. ती नवऱ्याकडे बघत होती, तिला अर्थ लागत नव्हता, किंवा लागत होता आणि नको होता. मी जमिनीकडे बघत बसलो. मलाही दिसलं होतं हे मी तेव्हा सांगायला हवं होतं. आज सांगतोय.

तुळसा म्हणाली, "माका म्हायत होता, आबा."

गुरुदासाने वर पाहिलं.

"मी पाकळेकडे बघूकच नाय. तुमच्या तोंडाकडे बघी होतंय. शिवा पण थंयच बघी होतो." ती दमत होती, मध्येच थांबत होती. "दादाक जपलास. जपा, बापूस आसात तुमी. पण ता देवाच्या अंगार कित्याक घातलास? माका सांगला असतास, तर मी बरा म्हटला असता."

मग ती जरा चिडूनच म्हणाली, "आणि सुई माका पण घातली हुती. मी मराक नाय."

गुरुदास उठला. तो रडेल असं मला वाटलं होतं, पण तो रडला नाही. पायांत वहाणा घालून अंगणात उतरला आणि तिथून वळून म्हणाला, "मुंबयक जावया. देव नाय, मी सांगतंय." मग माझ्याकडे बघून म्हणाला की सत्यवानाला तार करा. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाने कोणालाही न विचारता काही ठरवलं, आणि ते ठरवताना तो किती म्हातारा दिसत होता.

बोट बंद. पावसातला प्रवास कसा झाला ते मी लिहिणार नाही. खाडीवरच्या तरीपर्यंत तिला खुर्चीला बांबू बांधून खलाशांनी नेलं, कोल्हापूरपर्यंत एसटी आणि पुढे रेल्वे. दर हादऱ्याला गुरुदास तिच्या अंगाखाली स्वतःचा हात घालत होता. मुंबईत डॉक्टरांनी तिला पाहिलं, कागद पाहिले, आणि पहिला प्रश्न विचारला की एप्रिलमध्ये का आला नाहीत. मी दुभाषा म्हणून गेलो होतो, उत्तर मलाच द्यावं लागलं. मी म्हटलं, घरात ठरत नव्हतं. त्यांनी पुढे विचारलं नाही. एवढंच म्हणाले की तेव्हा ती सशक्त होती. त्याने फरक पडला असता का, असं मी नंतर एकांतात विचारलं. त्यांनी सांगितलं की खरंच सांगता येत नाही, कदाचित नसता पडला, अजून आम्हाला यातलं फार थोडं कळतं. चांगला माणूस होता. खोटा धीर त्याने दिला नाही.

चार दिवसांनी सत्यवानाला भूल दिली, मगज काढला आणि त्याच संध्याकाळी तो बाटलीतून तुळसाच्या शिरेत सोडला. तो रक्तासारखाच दिसत होता. तो मगज तिच्या अंगात रुजला नाही. एकवीस दिवसांनी ती गेली. सत्यवान आज दोन मुलांचा बाप आहे, लग्न त्याच मुलीशी झालं, आणि मला भेटला की अजून हात दुखेपर्यंत दाबतो. गुरुदास पूजा करतो, कौलही लावतो, पोटापाण्याला लावावाच लागतो. पण दुखण्याचं गाऱ्हाणं घेऊन कोणी आलं तर त्याला पायरीवरच बसवतो आणि म्हणतो, डॉक्टराक इचार. लोकांना याचा राग येतो. देवी त्याच्यावर कोपली आहे असं म्हणणारेही आहेत, त्यांनी माझ्या समोर म्हणून दाखवावं.

मला सांगायचं होतं ते त्या मगज काढल्याच्या दुसऱ्या दिवसाचं. सकाळी आम्ही सत्यवानाला बघायला गेलो. गुरुदास दाराशीच थांबला, त्याला आत पाऊल टाकवत नव्हतं. सत्यवान खाटेवर बसून पाव आणि चहा घेत होता. बापाला बघून उठून उभा राहिला. कंबर थोडी आखडली होती, तेवढंच. गुरुदासाने त्याला दाखव म्हणून खूण केली. सत्यवानाने सदरा वर केला. कमरेच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक चिकटपट्टी होती, हाताच्या बोटाएवढी.

गुरुदासाने जवळ जाऊन त्या पट्ट्यांवरून हळूच हात फिरवला. मग त्याने विचारलं, "इतक्याच?"

"इतक्याच, आबा," सत्यवान म्हणाला.

तो तिथून सरळ बायकांच्या वॉर्डात गेला, मी मागोमाग. तुळसा जागी होती. दादा बरो आसा काय, असं तिने विचारलं. त्याने मान हलवली. मग रडतास कित्याक, असं ती म्हणाली.

"चार म्हयने, गो बाय," तो म्हणाला. "इतक्यासाटी मी तुझे चार म्हयने घालवलंय."

तुळसाने चादरीतून हात बाहेर काढला, तो त्याने दोन्ही हातांत धरला, आणि भेटीची वेळ संपल्याचं नर्सबाईंनी दोनदा येऊन सांगितलं तरी सोडला नाही.